बस्किंग की खेळ मांडणे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटाळा तलावाकाठी गिटार घेऊन गाणाऱ्या तरुणांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘बस्किंग’ हा शब्द वारंवार आला, पण त्याचा अर्थ (रस्त्यावर, सार्वजनिक जागी गाऊन-वाजवून पैसे मिळवणे) कुठेच दिलेला नव्हता. आमच्या घरी तर त्याचा संबंध थेट शहर बसशी जोडला गेला! कोशकार त्याचे नाते ‘शोधणे’ या अर्थाच्या स्पॅनिश ‘बुस्कार’शी लावतात. इंग्रजीत तो आधी समुद्रावर इकडेतिकडे फिरणाऱ्या जहाजांसाठी वापरात होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दारूगुत्त्यांत शिरून, गाऊन-वाजवून चार पैसे मिळवण्याला बस्किंग म्हणू लागले, आणि रस्त्यावरच्या कलेला हे नाव नंतर लागले.

मराठीत नावे आहेत ती बहुधा करणाऱ्यांची. विष उतरवणाऱ्या गारुडमंत्रावरून गारुडी, शाह मदार यांच्या पंथातील फकिरांवरून मदारी. डोंबारी आणि बहुरूपी तर आहेतच. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘तमाशा’च्या मुळाशी चालणे, फेरफटका मारणे हा अर्थ आहे, तर आपल्या पूर्व विदर्भातील खडी गंमत हे लोकनाट्य उभ्याने सादर होते म्हणून ‘खडी’. (एक चालत आला, दुसरी उभी राहिली.)

मग या कृतीला मराठीत शब्दच नाही का? सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात लहानपणी पाहिलेला डोंबारी आठवतो. बांबूंच्या दोन कैच्यांवर दोर ताणलेला, त्यावर हातात आडवी काठी धरून चालणारी सात-आठ वर्षांची पोर, खाली ढोलकी, आणि पोर अर्ध्यावर पोहोचताच गर्दीतून जर्मनची थाळी फिरवणारी तिची आई. घरी येऊन आम्ही सांगत असू, “डोंबाऱ्याने खेळ मांडला होता.”

नावाचा हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा कसरती करणे या निमित्ताने पैसे घेण्यालाही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले. थाळी फिरवणाऱ्या त्या बाईला ही व्याख्या लागू पडते आणि उघड्या गिटारपेटीला मात्र आपण कौतुकाने बस्किंग म्हणतो, हे मला खटकते.

म्हणून विनंती इतकीच, की पुढच्या लेखात ‘तरुणांनी फुटाळ्यावर खेळ मांडला’ असे छापून पाहावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर