स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल

हॉवर्थ, यॉर्कशायर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा घराच्या कागदांवर सह्या झाल्या आणि किल्ल्या हातात आल्या. हे फोनवरही सांगता आले असते. पण दोन वर्षांत परत येते म्हणून निघालेल्या मुलीने इथे घर घेतल्याचे पाच मिनिटांत उरकावे, हे मला बरे वाटले नाही. भाड्यापेक्षा हप्ता थोडा कमीच पडतो, यांची कचेरी किथलीला, म्हणजे अगदी जवळ आहे, आणि वाईच्या घराला कोणीही हात लावणार नाही. दादाने केले तेच मी करते आहे, असे कृपा करून समजू नका.

आईला खटकेल ते आधीच सांगते. स्वयंपाकघराची खिडकी चर्चच्या कबरस्तानाकडे उघडते. ते चर्च किती जुने, हे बाबांनी मागे विचारले होते, म्हणून दोघांना मिळून एकच सविस्तर उत्तर लिहिते.

सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे या गावाचे अँग्लिकन चर्च. मध्ययुगापासून इथे प्रार्थनास्थळ आहे, पण हॉवर्थ कित्येक शतके ब्रॅडफर्डच्या मुख्य पाद्र्याच्या अखत्यारीत होते आणि चर्चच्या जमिनींचे उत्पन्न मात्र गावच्या विश्वस्तांच्या हाती. नेमणूक एकाने करायची आणि पगार दुसऱ्याने द्यायचा, म्हणजे काय होते हे आपल्या देवस्थानाचा कारभार पाहिलेल्या बाबांना मी सांगायला नको. 1819 मध्ये ब्रॅडफर्डने परस्पर नेमलेल्या रेडहेड नावाच्या पाद्र्याला गावकऱ्यांनी प्रार्थनेत इतका गोंधळ घालून हैराण केले की तो काही आठवड्यांतच निघून गेला. त्याआधी 1742 ते 1763 या काळात इथे असलेल्या ग्रिमशॉ यांची कथा अगदी उलट. त्यांच्या प्रवचनांना एवढी गर्दी होई की 1755 मध्ये इमारत वाढवावी लागली.

रेडहेडनंतर, 1820 मध्ये, पॅट्रिक ब्राँटे पत्नी आणि सहा मुलांना घेऊन आले आणि 41 वर्षे राहिले. पुढे ज्यांचे लेखन जगभर वाचले गेले त्या तिघी बहिणी यांच्याच मुली. माझ्या खिडकीतून तिरके पाहिले की त्यांचे दगडी घर दिसते. ते 1778-79 मध्ये बांधलेले असून त्याच्या समोर आणि बाजूला कबरीच कबरी आहेत. रविवारच्या शाळेची बैठी इमारत 1832 मध्ये ब्राँटे यांनीच उभी करवली.

आता पाण्याचे. आई, तुला कुठून तरी कळण्याआधी मीच सांगते. टेकडीच्या उतारावर वर कबरस्तान आणि खाली वस्ती, शौचालये मोजकी, गटारे उघडी. त्यामुळे विहिरींचे पाणी खराब होत असे. ब्राँटे यांनी वरपर्यंत अर्ज केले, तेव्हा 1850 मध्ये बॅबेज नावाचे सरकारी निरीक्षक तपासणीला आले. (बाबा, गणकयंत्राचा आराखडा करणाऱ्या बॅबेज यांचेच हे चिरंजीव.) त्यांच्या अहवालानुसार गावातले मृत्यूचे सरासरी वय 25.8 वर्षे होते आणि शंभरातली एक्केचाळीस मुले सहा वर्षांचीही होत नसत. पुढे नळाचे पाणी आले, तिथले दफन बंद झाले, झाडे लावली गेली. आज इथले पाणी निर्धास्त पिण्यासारखे आहे; तरीही तुम्ही याल तेव्हा मी ते उकळूनच देईन.

बाबा, तुम्हाला हळहळ वाटेल अशीही एक गोष्ट आहे. ब्राँटे यांच्या जागी आलेल्या वेड यांनी 1879 मध्ये मनोरा तेवढा ठेवून जुने चर्च पाडले. विरोध पुष्कळ झाला, पण एका गिरणीमालकाने पाच हजार पौंड दिले होते आणि 1881 मध्ये नवे चर्च उभे राहिले. वेड यांचीही बाजू होती, कारण जुनी वास्तू दमट आणि कोंदट होती. पण मला ते पटत नाही. मेणवलीला तुम्ही मला खांद्यावर घेऊन वसईच्या मोहिमेतून आणलेली घंटा दाखवली होती आणि जिंकून आणलेली वस्तूसुद्धा आपल्या लोकांनी वितळवली नाही, असे म्हणाला होतात. मनोऱ्यावरचे टोल पडले की मला तुमच्या मानेला येणारा खोबरेल तेलाचा वास आठवतो.

पाद्र्यांचे घर तरी वाचले. 1928 मध्ये एका धनिकाने ते 3000 पौंडांना विकत घेऊन संग्रहालयासाठी दिले.

आता जे लिहायचे आहे ते थोडे रागावून लिहिते. ब्राँटे यांना मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसेनासे झाले, तेव्हा ऑगस्ट 1846 मध्ये मुलगी शार्लट त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. वय 69, आणि शस्त्रक्रिया भूल न देता, कारण बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले तेच मुळी त्यानंतर दोन महिन्यांनी. नंतर कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे. ते गृहस्थ परत येऊन पुन्हा प्रवचने देऊ लागले, आणि तुम्ही थेंब घालून होणाऱ्या, त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियेला पावसाळ्याचे कारण सांगून तिसरे वर्ष ढकलता आहात! दिवाळीच्या आत तारीख घ्या. पैसे पाठवले आहेत. पंधरा दिवस मी येते आहे, तिकीट काढले आहे, त्यामुळे आता नाही म्हणू नका.

शार्लटने वडिलांना सोडून जायचे नाही या अटीवरच 1854 मध्ये लग्न केले आणि नवऱ्यासह त्याच घरात राहिली. हे लिहू की नको, याचा पुष्कळ विचार केला. तुम्ही मला असे कधी बोलून दाखवले नाहीत.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघर लागूनच, गरम पाणी चोवीस तास. चढाच्या फरसबंदी रस्त्यावर आईचे गुडघे दुखू नयेत म्हणून गाडी दारापर्यंत आणता येईल, हे आधीच पाहून ठेवले आहे. खिडकीला जाड पडदाही शिवून घेतला आहे. आई, तू म्हणशील तेव्हा ओढू.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, हे पत्र आईकडून वाचून घ्या, भिंगाने स्वतः वाचत बसू नका.