घरी बांधलेल्या विमानात पेट्रोलचा पंप टाकीजवळ हवा

महोदय,

आपल्या जिल्हा पुरवणीत एका खेड्यातील तरुणाने शेडमध्ये उभारत आणलेल्या दोन आसनी विमानाची सचित्र बातमी वाचली. कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांच्यामुळे अशा खटाटोपाकडे लोक आता वेडेपणा म्हणून पाहत नाहीत, हे चांगलेच झाले. मात्र बातमीचा सारा भर पंख, प्रोपेलर आणि अश्वशक्तीवर होता. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीबद्दल एक ओळही नव्हती. छायाचित्रात ती नळी स्पष्ट दिसते. खालच्या पंखातील टाकीतून निघून ती इंजिनावरच्या पंपाकडे चढते, वाटेत दोन काटकोनी एल्बो आहेत आणि शेवटचा वीतभर भाग एक्झॉस्टच्या पाइपाला जवळजवळ खेटून गेला आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पेट्रोलमधील हलके घटक साध्या हवेच्या दाबाखाली ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप ओढत असतो त्या नळीत दाब आणखी उतरतो, प्रत्येक एल्बो त्यात भर घालतो आणि उंचीवर बाहेरचा दाबही कमी होतो, त्यामुळे तिथे वाफ आणखी लवकर धरते. पंपात पेट्रोलऐवजी वाफ शिरली की ती नुसतीच दाबली जाते व फुगते, पुढे सरकत नाही, आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी खोल गेले की हवा धरतो, तर पाण्यात सोडलेला सबमर्सिबल तेच पाणी खालून विनातक्रार ढकलतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणून विजेवर चालणारा पंप टाकीच्या तोंडाशी, शक्य तितका खाली बसवावा, म्हणजे पुढची सगळी नळी दाबाखाली राहील. तो बंद पडला तरी त्यातून किंवा त्याला वळसा घालून पेट्रोल जाईल, अशी सोयही हवी. इंजिनाकडून टाकीकडे परतीची बारीक नळी काढल्यास वाफ आणि तापलेले पेट्रोल मागे जाते, पण ती ज्या टाकीतून पेट्रोल घेतले जात आहे तिच्यातच सोडावी, नाहीतर दुसरी टाकी भरून वाहू लागेल. नळीवर आगरोधक आवरण अवश्य घालावे. ते उष्णता उशिरा आत येऊ देते, कायमची थोपवत नाही, त्यामुळे एक्झॉस्टपासून अंतर आणि मध्ये पत्र्याचा आडोसा हवाच.

इंधनाचाही प्रश्न आहे. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, ३७.८ अंशांना ३८ ते ४९ किलोपास्कल एवढाच ठेवलेला असतो, मोटारीच्या पेट्रोलचा सहसा त्याहून अधिक असतो, आणि त्यात थोडे इथेनॉल मिसळले की तो आणखी वाढतो. जीप आणि ॲम्बॅसेडरचे जुने चालक उन्हाळ्यात इंजिनाशेजारच्या पेट्रोलच्या पंपावर ओली चिंधी ठेवत. हवेत ती सोय नाही.

चाचणी डिसेंबरच्या सकाळी घेऊन समाधान मानू नये. भर उन्हात इंजिन चांगले तापवून बंद करावे, काउलिंग (इंजिनावरचे झाकण) न उघडता पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे, कारण थंड हवेचा झोत थांबल्यावर आतली नळी सर्वांत जास्त तापते, आणि मग विमान दोरखंडाने पक्के बांधून पूर्ण थ्रॉटलवर इंधनाचा दाब व प्रवाह दोन्ही पाहावेत. उड्डाणानंतर चढताना पेट्रोलची मागणी सर्वाधिक, वेग कमी आणि खाली उतरायला जागा जवळपास नसते.

त्या तरुणाचा पत्ता आपल्याकडे असेलच. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीची वाट पाहण्याच्या काळात त्याने निदान ते दोन एल्बो काढावेत आणि पंपाची जागा बदलावी, यासाठी हे पत्र कृपया त्याच्यापर्यंत पोहोचवावे.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक निवृत्त शिक्षक,
आर्वी, जि. वर्धा