बाबा, दोन डॉलरचा शेअर स्वस्त नसतो

ती. बाबांना व ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप मिळाला. ‘प्लग पॉवर 75 डॉलरवरून दोनवर आलाय, आता आणखी कुठे पडणार, आईची एफडी मोडून घेऊ का?’ फोनवर आपण भांडलो असतो, म्हणून पत्र.

आधी तुमच्या बाजूचं. या अमेरिकन कंपनीचं यंत्र अस्सल आहे. गेल्या वर्षी कामानिमित्त न्यू जर्सीतल्या एका गोदामात आठवडाभर होतो, तिथे हायड्रोजनवर चालणारे फोर्कलिफ्ट जवळून पाहिले. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, मागे उरतं पाणी. हे ज्या डब्यात घडतं तो फ्युएल सेल, आणि बॅटरीच्या खोबणीतच हा डबा बसतो. गंमत म्हणजे तो बॅटरीपेक्षा हलका पडतो, म्हणून त्यात मुद्दाम वजन घालतात, नाहीतर पुढे ओझं उचलताना गाडी नाकावर येईल. टाकी दोन-तीन मिनिटांत भरते आणि भरतानाच साठलेलं पाणी काढून घेतात. शिशाची बॅटरी तासन् तास चार्जिंगला लावायची कटकट नाही. तुमची एसटी डेपोतली नजर तिथे रमली असती.

पण यंत्र चांगलं म्हणून शेअर चांगला, हे गणित जुळत नाही.

कंपनी 1999 मध्ये 15 डॉलरने बाजारात आली आणि काही महिन्यांतच दीडशेच्या वर गेली. मग आपटली. 2011 मध्ये दहा शेअरचा एक केला, म्हणजे मूळचे 15 आजच्या हिशेबाने 150 झाले. तरीही 2013 च्या सुरुवातीला भाव काही सेंटांवर आला होता. जानेवारी 2021 मध्ये 75 च्या आसपास, आणि 2025 च्या मे महिन्यात एका डॉलरच्याही खाली. तेव्हा ‘आणखी कुठे पडणार’ याचं उत्तर या एकाच शेअरने दोनदा दिलंय.

आता खरी मेख. 2012 च्या अखेरीस या कंपनीचे शेअर होते जेमतेम चार कोटी. आज शंभर कोटींच्या वर आहेत. पैसे संपले की नवे शेअर छापायचे आणि विकायचे. बासुंदी तेवढीच, पंगत पंचवीसपट. तुम्ही बघता तो 75 चा आकडाही आजच्यापेक्षा लहान पंगतीचा आहे. आज तिथे परत जायचं तर अख्खी कंपनी तेव्हापेक्षा कितीतरी मोठी व्हावी लागेल.

आणि पैसे संपतात का? 2023 मध्ये 89 कोटी डॉलरची विक्री, पण तो माल द्यायलाच खर्च सुमारे 140 कोटी. पगार, ऑफिस, व्याज त्यानंतर. 2024 मध्ये विक्री घटून 63 कोटींवर आली आणि तोटा दोनशे कोटींच्या पुढे गेला. मोठं दुखणं हायड्रोजनचंच. उणे 253 अंशाला द्रवरूप ठेवून टँकरने आणायचा, आणि गिऱ्हाइकाला घेतल्या भावापेक्षा कमीत द्यायचा. जॉर्जियातला त्यांचा स्वतःचा कारखाना 2024 मध्ये सुरू झाला खरा, पण त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये ‘पुढचं वर्ष निभावेल का याची शंका आहे’ असं कंपनीलाच लिहून द्यावं लागलं होतं. एका दिवसात भाव 40 टक्के गेला.

अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट गिऱ्हाईक आहेत हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत. खरं आहे. पण माल घ्यावा म्हणून त्यांना शेअर घ्यायचे हक्कच देऊ केले होते. त्याची किंमत वजा करता 2020 ची विक्री चक्क उणे भरली! उणे विक्री मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

याच धंद्यातला ब्लूम एनर्जी 2019 मध्ये तीन डॉलरखाली होता आणि 2025 मध्ये शंभरावर गेला, डेटा सेंटरना वीज हवी म्हणून. त्यामुळे प्लग बुडेलच असंही मी म्हणत नाही. पण ब्लूमचे डबे बहुतेक नैसर्गिक वायूवर चालतात, तो पाइपातून येतो. नाव फ्युएल सेलचं असलं तरी दुकान वेगळं.

एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, पैसे इकडे पाठवता येतात, त्यात अडचण नाही. अडचण आहे ती आईच्या एफडीची. कपाटातलं ते सागवान लागवडीचं सर्टिफिकेट आठवतंय ना? आई अजून त्यावर हळदीकुंकवाच्या याद्या लिहिते. तुमच्या पेन्शनमधून पंचवीस-तीस शेअर घ्या, शून्य झाले तरी झोप जाणार नाही इतकेच. रोज भाव बघायची करमणूक धरून ते परवडेल.

वार्षिक अहवालातलं रोकड कुठून आली, कुठे गेली याचं एक पान मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय. आई, ते तू वाच. वाण्याची वही तूच सांभाळतेस, तुला दोन मिनिटांत कळेल. मग बाबांना समजाव, आणि रविवारी मी फोन करेपर्यंत त्यांना बँकेत जाऊ देऊ नकोस.

तुमचा,
बंड्या