मिरज-कोल्हापूर मार्गावरील एका निवृत्त स्टेशन मास्तरांस आभारपत्र

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या इतिहासाचे आमच्या शाळेतील छोटे दालन आता सर्वांसाठी खुले झाले आहे, आणि पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ज्या टेबलापाशी रेंगाळतो ते टेबल आपण मांडून दिलेले आहे. आपले नाव कोणत्याही फलकावर घालू द्यायला आपण नकार दिलात. म्हणून निदान या जाहीर पत्रातून, नाव न घेता का होईना, आभार मानण्याची मुभा मी गृहीत धरते.

जुन्या वस्तू देणारे पुष्कळ भेटतात. माळा आवरताना निघालेला कंदील आणून ठेवतात आणि पुढचे सारे आमच्यावर सोपवून मोकळे होतात. आपण मात्र प्रत्येक वस्तूबरोबर तिचे कामही सांगितलेत, आणि दालनाला जे काही मोल आले आहे ते त्यामुळेच. चामडी पिशवी अडकवलेले ते वेताचे मोठे कडेच घ्या. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी दोन्हीकडची यंत्रे विजेने एकमेकांशी जोडलेली असत. एका यंत्रातून पोलादी गोळा बाहेर निघाला की तो पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याही टोकाला निघत नसे, आणि गोळा हाती आल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यायची नाही, असा सक्त नियम होता. गोळा पिशवीत घालून हे कडे चालत्या गाडीवर हातोहात दिले जाई. हे सांगून आपण थांबला नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात कडे उंच धरून उभे राहिलात आणि नववीच्या मुलांना कोपरात हात वाकवून शेजारून धावत जायला लावलेत. कडे इतके मोठे का, हे मग कोणालाही विचारावे लागले नाही. (दोघांच्या कोपराला खरचटले, पण तक्रार आली नाही.)

पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांचेही तसेच. इंग्लंडमधील थॉमस एडमंडसन यांनी 1830 च्या दशकात रूढ केलेली ही छापील, अनुक्रमांकित तिकिटे आपल्याकडे संगणक येईपर्यंत चालली. पाळी संपताना गठ्ठ्यातील पुढच्या तिकिटाचा क्रमांक पाहायचा, आरंभीचा क्रमांक वजा करायचा, भाड्याने गुणायचे आणि गल्ल्याशी ताळा जमवायचा, हा हिशेब आपण मुलांकडून फळ्यावर करवून घेतलात. गणिताच्या बाई अजून त्याचा उल्लेख करतात.

सर्वांत अधिक ऋण मात्र फलकांवरील सनावळीसाठी मानावे लागेल. कोल्हापुरात रेल्वे शाहू महाराजांनी आणली, हे एक वाक्य लिहून कोणीही समाधान मानले असते. तारखा एकाखाली एक मांडल्याशिवाय फलक रंगवायला द्यायचा नाही, असा आपला आग्रह होता. त्यानुसार 3 मे 1888 रोजी महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला, तेव्हा त्यांना चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. एप्रिल 1891 मध्ये मार्ग सुरू झाला. आणि राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली ती 2 एप्रिल 1894 रोजी, हे आता तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. यामुळे महाराजांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. उलट मिळालेल्या रेल्वेचा उपयोग त्यांनी कसा केला ते नेमके दिसते : 1895 मध्ये स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसली, तेथे गुळाचा व्यापार फोफावला, आणि 1917 मध्ये याच मार्गावर जयसिंगपूर वसवले गेले. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारखीला अशी शिस्त आवडते, पण ती मुलांच्या गळी उतरवणे मला एकटीला जमले नसते.

मँचेस्टरमधील 1830 चे लिव्हरपूल रोड स्टेशन आज संग्रहालयाचा भाग आहे, हे आपण बोलण्याच्या ओघात सांगितलेत आणि लगेच विचारलेत, 'तिथे वस्तू पाहायच्या की इमारत?' त्या प्रश्नानंतर मुले आपल्या टर्मिनसकडेही निराळ्या नजरेने पाहू लागली आहेत. मालधक्का कोठे आणि का, गुळाचे रवे भरलेल्या गाड्या कोणत्या बाजूने येत असतील, असे प्रश्न वर्गात येतात. वळिवडे (आजचे गांधीनगर) येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्यासाठी स्वतंत्र फलक असावा ही सूचनाही आपलीच. गांधीनगरहून शाळेत येणाऱ्या मुलांनी तो फलक हौसेने लिहिला आहे. माझ्या मते सबंध दालनात तोच सर्वांत चांगला उतरला आहे, फक्त अक्षर थोडे बारीक झाले आहे.

कडे, पिशवी आणि तिकिटे नोंदवहीत 'परतीच्या बोलीवर' अशी नोंदवली असून पोच सोबत जोडली आहे. कडे काचेच्या पेटीत न ठेवता हाताळायला बाहेर ठेवावे, ही आपली अट पाळली आहे. वेत एका जागी सुटू लागला आहे, तेव्हा तो बांधून घ्यायला बुरूडगल्लीत द्यावा की आपल्याकडे आणावा, एवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
इतिहास शिक्षिका, कोल्हापूर