कंवल रेखी सरांना, उशिरा लिहिलेलं आभार पत्र

आदरणीय रेखी सर,

सादर प्रणाम. आपली प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. पण तुम्ही आयआयटी मुंबईतून १९६७ साली इंजिनिअर झालात, पवईच्या त्या वर्षांत मराठी कानावर पडलीच असेल, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितोय.

माझं एमटेक तिथेच, तुमच्या नावाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या स्कूलमध्ये झालं. पावसात छत्री झटकत आत शिरताना रोज तुमचं नाव दिसायचं, पण माणूस कोण हे मात्र नेटवर्किंगच्या तासाला कळलं. तुम्ही आणि दोन भारतीय सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक्सेलान ही कंपनी काढली आणि टीसीपी-आयपी, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, थेट इथरनेटच्या, म्हणजे संगणक केबलने नेटवर्कला जोडणाऱ्या, कार्डावर बसवलं. कार्डाला स्वतःचा प्रोसेसर, म्हणजे मुख्य संगणकावरचा भार कमी. त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत नेटवर्कची केबल टक्कन बसली, तेव्हा मी जरा वेळ त्या पोर्टकडे बघतच राहिलो. रावळपिंडीत जन्म, फाळणीनंतर कानपूर, मग अमेरिका, सुरुवातीलाच नोकरी जाण्याचा अनुभव, आणि १९८७ मध्ये कंपनी थेट नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात! पुढे ती नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीत विलीन झाली.

पण आभार त्यासाठी नाहीत.

माझ्या बाबांचं संगमनेरला मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांचे जळालेले पंप यायचे, पैसे ऊस गेल्यावर. दुकान वाढवायला बाबांनी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा घर तारण आणि दोन जामीनदार. त्यातला एक माझा मामा. हप्ता चुकला की आई माहेरी जायची टाळायची. धंद्यासाठी पैसा घेणं म्हणजे काय, हे मी तिच्या चेहऱ्यावरून शिकलो होतो.

१९९९ मध्ये तुमच्या स्कूलमध्ये इन्क्युबेटरचा, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देण्याचा, पहिला प्रयोग झाला, त्यातून २००४ मध्ये 'साइन' हे आयआयटीचं उद्योजकता केंद्र उभं राहिलं. आजूबाजूची मुलं कंपन्या काढताना बघून मलाही धीर आला. पुण्यात 'टाय' या उद्योजकांच्या संस्थेच्या एका बैठकीत एक वडीलधारे गृहस्थ भेटले. त्यांनी तासभर बसवून एकच विचारलं, "हे विकत कोण घेणार?" चार भेटींनंतर आठ लाख रुपये दिले. तारण नाही, जामीन नाही, फक्त कंपनीत हिस्सा.

बाबांनी विचारलं, "आणि बुडाले तर?"

"बुडाले."

त्यांचा विश्वास बसला नाही. अडीच वर्षांनी कंपनी खरंच बंद झाली. बाबा पुण्याला आले ते पासबुक घेऊनच. ते पैसे आता आपण भरायचे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी त्या गृहस्थांना फोन लावून दिला. पलीकडून ते म्हणाले, "अहो, मुलगा मन लावून राबला. पुढचं काही सुचलं तर आधी माझ्याकडे पाठवा." बाबांनी पासबुक परत पिशवीत ठेवलं आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

सर, त्या गृहस्थांना तुम्ही ओळखतही नसाल. पण १९९२ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत ज्यांनी 'टाय' सुरू केली, त्यांत तुम्ही होतात. नवख्या माणसाला अनुभवी माणसाने वेळ द्यायचा, ही रीत तिथूनच पुण्यापर्यंत आली. नोव्हेल सोडल्यावर तुम्ही निवांत बसू शकला असता. ते न करता एक्सोडससारख्या नव्या कंपन्यांत स्वतःचा पैसा घातलात, पुढे नव्या कंपन्यांत पैसा घालणारा इन्व्हेंटस हा फंड उभा केलात. यशस्वी कंपन्यांची नावं सगळे घेतात. मला मात्र बुडालेल्यांच्या वतीने बोलायचंय, कारण आमच्यातल्या कुणाचं घर गेलं नाही, कुणाच्या मामाला मान खाली घालावी लागली नाही.

आज माझी दुसरी कंपनी आहे, अकरा माणसांची. दिवाळीला घरी गेलो की बाबा विचारतात, "त्या गृहस्थांना फोन केलास का?" त्यांना दरवर्षी करतो. तुम्हाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

मनापासून आभार.

आपला,
पवईचा एक विद्यार्थी