दुपारचा फोन आता रात्री

ती. आई-बाबा,
सा. न.

उद्यापासून दुपारी दीडला माझा फोन येणार नाही. आधीच कळवते, म्हणजे ताट पुढ्यात घेऊन वाट बघत बसणार नाही. रात्री साडेआठला करेन, तोही व्हिडिओ कॉल. मला वेळ नाही असं मुळीच नाही, तेवढं मनात आणू नका.

ऑफिसात एका लांब टेबलाला आम्ही ८ जण. कुणाची मीटिंग स्पीकरवर, कुणाचं गृहकर्जाचं बोलणं. हेडफोन लावले तर एसीची घरघर जाते, माणसांचं बोलणं येतच राहतं. मंगळवारी शेवटी शेजारच्या मुलीला म्हटलं, जरा हळू बोलशील का? ती ओशाळली. मग चाचरत म्हणाली, "ताई, दुपारी तुम्ही बाबांशी बोलता ना, तेव्हा मलाही काम सुचत नाही. तुमचंच ऐकू येतं, त्यांचं नाही. मग डोकं त्यातच अडकतं." फार वाईट वाटलं मला. बाबा, यात तुमची काही चूक नाही हं. जागेवरून बोलत होते ती मी. आता फोन आला की आम्ही दोघी जिन्यात जातो, आणि १० ते १२ एकमेकींना हाक मारत नाही, चॅटवर लिहितो.

इचलकरंजीत भिंतीपलीकडे माग चालू असताना मी दहावीचा अभ्यास केला. लाइट जाऊन माग थांबले की उलट दचकून उठायचे, आणि आई, तू थोपटायचीस. त्या खडखडाटात शब्द नव्हते ना. शब्द कानावर आले की मन त्यांच्यामागे जातंच.

पण बाबा, त्याच खडखडाटात तुमची ३० वर्षं गेली. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास, मागांचा आवाज ९० च्या वर. अशाने आणि वयानेही आधी बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जातात. स, श त्यातलेच. म्हणून मी 'साठ' म्हटलं की तुम्हाला 'आठ' ऐकू येतं. ओरडून उपयोग नाही. व्हिडिओवर माझे ओठ तरी दिसतील.

शनिवारी ११ वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. विचारून घेतली नाही, कारण तुम्ही "मला ऐकू येतंय" म्हणाला असता. बंद खोलीत हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं, बस. दुखत नाही. मशीन लावावंच लागेल असंही नाही. आई, तू बरोबर जा. तोवर कानात तेल घालायचं नाही, कुणी काही सांगू दे. जेवण दीडलाच करायचं, गोळी त्यानंतर. फोन नाही म्हणून अडीच वाजवू नका.

मोबाइल चार्ज करून देवघराच्या कट्ट्याला टेकवून ठेवा. तिथं उजेड चांगला येतो.

तुमची,
मनू