विजूला, लॅपटॉप घेण्याआधी

प्रिय विजू,

तुझा तक्ता मिळाला. तीन मशीन, चौदा रकाने आणि खाली एकच ओळ : ‘यातला कुठला घेऊ ते सांग, पाल्हाळ नको.’ पाल्हाळ लावायचंच आहे, म्हणून तर फोन न करता पत्र लिहितोय. प्रोसेसरचं नाव तू सगळ्यात वर, ठळक अक्षरात घातलंयस. वजन अकराव्या रकान्यात. कीबोर्डला तर रकानाच नाही! अरे, रोज चार-पाच तास बडवणार आहेस तो कीबोर्ड. प्रोसेसरचं तोंड तरी बघणार आहेस का कधी?

लहान मशीनच्या नादात मी एकदा चांगला पोळलोय. २००७ मध्ये असूसचा सात इंची ईई पीसी आला आणि पुढची काही वर्षं नेटबुकचं, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपचं, नुसतं पेव फुटलं होतं. मीही दुसऱ्या एका कंपनीचं दहा इंची घेतलं. दिसायला गोजिरवाणं, वहीएवढं. पडदा १०२४ बाय ६०० पिक्सेलचा. पहिल्याच आठवड्यात सेटिंगची एक खिडकी उघडली, तर ती पडद्याहून उंच. ‘ओके’चं बटण खाली, पडद्याच्या बाहेर कुठेतरी. माउस तिथवर पोचेना, खिडकी वर सरकेना. मग टॅब मोजून दाबायचे आणि देवाचं नाव घेऊन एंटर मारायचा. कधी ‘ओके’ लागायचं, कधी ‘कॅन्सल’. सहा महिन्यांत ते कपाटात गेलं आणि मी पुन्हा जुनं अडीच किलोचं धूड खांद्यावर घेतलं.

तेव्हा तुझ्या यादीतला पहिला, ११.६ इंची, त्यावर आधी काट मार. माझ्यावर विश्वास नसेल तर पट्टी घे. नेहमीच्या कीबोर्डवर एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. एका ओळीत अशा पंधरा कींची रुंदी धर, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर झाले. १३.३ इंची रुंद पडदा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, त्याखाली ही ओळ आरामात बसते. ११.६ इंचीचा पडदा भरतो २५.७. उरलेले तीन सेंटिमीटर कुठून काढणार? कुठल्यातरी कींचा गळा आवळूनच.

आणि गळा बहुतेकदा उजव्या काठाच्या कींचा आवळला जातो. इंग्रजी लिहिणाऱ्याचं फारसं अडत नाही, त्याच्या लेखी तिथे नुसती विरामचिन्हं. पण तू इनस्क्रिप्टवाला, भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीमांडणीवर लिहिणारा. अर्धविरामाच्या कीवर तुझा च, तिच्या शेजारी अवतरणचिन्हाच्या कीवर ट, वर चौकटी कंसावर ड. त्या कीसुद्धा निम्म्या रुंदीच्या केलेली मशीनं मी पाहिली आहेत. अशा मशीनवर ‘चटकन’ हा शब्द चटकन लिहून दाखव मला! म्हणून दुकानात गेलास की नुसता झाकण उघडून पडद्याकडे बघत बसू नकोस. भाषा बदलून घे आणि च, ट, ड असलेला एक परिच्छेद न बघता टाइप कर. विक्रेता तोंडाकडे बघत राहील, राहू दे.

पडद्याचं थोडक्यात सांगतो. रुंद नको, उंच हवा. १९२० बाय १०८० आणि १९२० बाय १२०० यांत उभे १२० पिक्सेल जास्त मिळतात. आपल्या ओळीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे ती तशीही जास्त उंची खाते. चकचकीत पडदा घेऊ नकोस, खिडकीशी बसलास की मजकुराऐवजी स्वतःचा चेहरा दिसेल. उजेड ३०० निट्सच्या खाली नको. तुझ्या दुसऱ्या मशीनला २५० लिहिलेत, ते मला खटकतंय.

वजनाच्या रकान्यात तू कंपनीने छापलेला आकडा उतरवलायस. त्यात चार्जर धरलेला नसतो. १.२ किलोच्या लॅपटॉपबरोबर पावशेराचा ठोकळा आणि केबलचं भेंडोळं आलं की हलकेपणाची मजा गेली. यूएसबी-सीवर चार्ज होणारं मशीन घे. एक छोटा ६५ वॉटचा चार्जर त्यालाही चालेल आणि यूएसबी-सीचा फोन असेल तर त्यालाही. फक्त एक बघ : काही यूएसबी-सी पोर्ट नुसते डेटापुरते असतात, त्यांतून चार्जिंग होत नाही. भोक तेच, म्हणून फसायला होतं.

बॅटरीपुढे ‘१८ तास’ लिहिलंयस, ते खोडून वॉट-तास लिही, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि लिखाण-वाचनाला सरासरी सहा वॉट धरले, तर आठ तास आणि थोडी मिनिटं. पडदा पूर्ण उजळ ठेवलास किंवा व्हिडिओ कॉल लावलास की तेवढेही विसर. कंपनीचे १८ तास बहुधा मंद पडद्यावर व्हिडिओ लावून मोजलेले असतात, आणि तू काही दिवसभर अंधारात सिनेमे बघणार नाहीस.

रॅमच्या बाबतीत मात्र हात आखडू नकोस. या पातळ मशीनमध्ये ती बहुतेकदा बोर्डावरच डकवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. १६ जीबी घे. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी ड्राइव्ह, अनेकदा बदलता येते, पण घेण्याआधी खात्री कर. आणि २५६ लिहिलेली ड्राइव्ह विंडोज २३८ दाखवते म्हणून भांडायला जाऊ नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. चोरी कोणीच केलेली नाही.

राहिला तुझा लाडका प्रोसेसर. तिसऱ्या मशीनमध्ये एआरएमचा आहे, नेहमीच्या इंटेलवाल्याहून वेगळ्या रचनेचा. थंड चालतो, बॅटरी पुरवून वापरतो, एरवी मीही तोच सुचवला असता. पण तुझी ती जुनी नॉन-युनिकोड फॉन्टची फाइल उघडायला डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची ती परवान्याची चावी, लावावा लागतो ना? जुने प्रोग्रॅम एआरएमवरचं विंडोज कसेबसे चालवून घेतं, ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, मात्र खास त्याच्यासाठीच लिहिलेला लागतो. डोंगलच्या कंपनीने तो केलाय का, एवढं आधी विचार. नसेल तर दुसरं मशीनच, पण चांगल्या पडद्याचं मॉडेल मिळतंय का ते बघून.

जुनं वापरलेलं घ्यायचा विचार परत डोक्यात आलाच तर एवढं लक्षात ठेव, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

शनिवारी दुकानात जाणार आहेस ना? दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही मशीनवर ड ची की किती रुंद आहे ते बघून रात्री कळव. फोटो पाठवलास तर उत्तम.

तुझा,
अनिल

ता. क. तक्त्यातला ‘कीबोर्डवर दिवे’ हा रकाना ठेव. त्याची मी थट्टा करणार होतो, पण काल रात्री वीज गेली.